इंजिन बंद पडल्यावर पंखा काय करतो तेही शिकवा, फ्लाइंग इन्स्ट्रक्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या फ्लाइंग क्लबांच्या सगळ्या चीफ इन्स्ट्रक्टर सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी विलेपार्ल्याला राहते आणि संध्याकाळी अंधेरीत डीजीसीएच्या, म्हणजे पायलटचं लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पेपरांचे क्लास घेते, मुख्यतः टेक्निकल जनरल, म्हणजे विमान आणि इंजिन कसं चालतं त्याचा पेपर. माझं स्वतःचं सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) आहे, ते असंच तुमच्यासारख्या एका क्लबात मिळवलेलं. माझ्याकडची मुलंमुली पुढे तुमच्याकडेच येतात, कोणी धुळ्याला, कोणी बारामतीला, कोणी गोंदियाला, कोणी शिरपूरला, आणि सुट्टीत घरी आली की हमखास क्लासला चक्कर टाकतात, लॉगबुक दाखवतात, पहिल्या सोलोचे, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणाचे, फोटो दाखवतात. त्यामुळे चार ठिकाणी काय शिकवलं जातं ते मला घरबसल्या ऐकायला मिळतं. हे पत्र त्यातूनच निघालंय, कुठल्याही एका क्लबाबद्दल नाहीये.

मध्यंतरी एक मुलगा आला, नुकतीच त्याची फोर्स्ड लँडिंगची, म्हणजे इंजिन गेल्यावर शेतात उतरायची, प्रॅक्टिस झाली होती. एकदम खूश. म्हणाला, मॅडम, सरांनी थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमीजास्त करायचा लिव्हर) मागे ओढला, मी शेत निवडलं, आरामात पोचलो, उलट उंचच राहिलो, पंखांचे फ्लॅप टाकून उंची कमी करावी लागली. मी विचारलं, प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, फिरत होता? म्हणाला, फिरणारच ना, इंजिन चालू होतं. म्हटलं मग इंजिन बंद पडलं कुठे होतं? तो गप्प झाला. हुशार मुलगा आहे, त्याला लगेच कळलं, पण त्याला हे आधी कोणी विचारलंच नव्हतं. मग मी आलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायला लागले आणि बहुतेकांचं उत्तर तेच, की आयडलवर, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे पण इंजिन चालू असताना, विमान जसं उतरतं तसंच ते इंजिन बंद पडल्यावर उतरणार. हा समज काढून टाकायचं काम तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय.

ज्यांना हे रोजचं आहे त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण मुलांचे आईवडीलही हे वाचतील म्हणून नीट सांगते. इंजिन चालू असताना प्रॉप हवेला मागे ढकलतो आणि विमान पुढे जातं. इंजिन बंद पडलं की विमान खाली सरकत वेग राखतं, समोरून हवा येतच असते, आणि आता तीच हवा प्रॉपला फिरवायला लागते. ह्याला विंडमिलिंग म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल पंखा फिरतोय म्हणजे सगळं ठीक आहे, पण आत सगळं उलटं झालेलं असतं. आधी इंजिन प्रॉपला फिरवत होतं, आता प्रॉप मेलेल्या इंजिनाला फिरवतोय. पिस्टन वरखाली करायचे, सिलिंडरमधली हवा दाबायची, बेअरिंग, ऑइल पंप, सगळ्यांचं घर्षण सोसायचं, ह्याला लागणारी ताकद कुठून येते? तुमच्या उंचीतून. दुसरीकडून यायला जागाच नाही.

जुहूला राहणाऱ्यांना हे मी हेलिकॉप्टरवरून समजावते. जुहूच्या विमानतळावरून बॉम्बे हायच्या प्लॅटफॉर्मवर जाणारी हेलिकॉप्टरं आपण रोज बघतो. हेलिकॉप्टरचं इंजिन गेलं तर पायलट काय करतो? पात्यांचा कोन एकदम कमी करतो, हेलिकॉप्टर खाली यायला लागतं, खालून येणारी हवा रोटरला फिरवत ठेवते, आणि तो फिरणारा रोटर छत्रीसारखा काम करतो, म्हणून माणसं जिवंत उतरतात. ऑटोरोटेशन म्हणतात त्याला. रोटर थांबला असता तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडलं असतं, म्हणजे पाती तीच, पण फिरती असली की हवेला जास्त अडवतात. आता हीच गोष्ट सेस्नाच्या, म्हणजे क्लबातल्या नेहमीच्या छोट्या ट्रेनर विमानाच्या, नाकावर आणा. तिथेही बारीक कोनाची पाती हवेने फिरतायत, तिथेही छत्री उघडलीय, फक्त ती छत्री मागे ओढतेय आणि आपल्याला तर पुढे जायचंय. आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी महोगनीची फळं तडकतात आणि त्यांचे पंखवाले बी गरगरत खाली येतात, मी क्लासमध्ये दोन बिया घेऊन जाते, एक तशीच सोडते आणि एकीचा पंख तोडून सोडते. कुठली आधी जमिनीवर पडते ते बघितलं की फळ्यावर काही लिहायची गरज राहत नाही.

म्हणून फिक्स्ड पिचच्या, म्हणजे पात्यांचा कोन बदलता न येणाऱ्या, साध्या ट्रेनर विमानात इंजिन मेलेलं असताना फिरणारा प्रॉप थांबलेल्या प्रॉपपेक्षा जास्त ड्रॅग, म्हणजे मागे ओढणारा अडथळा, देतो. नवख्याला हे उलटं वाटतं, त्याला वाटतं थांबलेला पंखा म्हणजे आडवी फळी, तीच जास्त अडवणार. पण थांबलेला प्रॉप फक्त स्वतःच्या दोन पात्यांएवढी जागा अडवतो आणि सेस्ना १७२ चा फिरणारा प्रॉप सव्वासहा फुटाच्या अख्ख्या चकतीतून जाणाऱ्या हवेशी खेळतो. पात्याचा कोन जसा वाढत जातो तसा विंडमिलिंगचा ड्रॅग कमी होतो आणि पातं पूर्ण हवेच्या रेषेत नेलं की त्याला फेदर म्हणतात, तिथे ड्रॅग सगळ्यात कमी.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या प्रॅक्टिसमध्ये ह्यातली कुठलीच अवस्था नसते. थ्रॉटल बंद केला तरी इंजिन आयडलवर जळत असतं, स्वतःचं घर्षण स्वतः सोसत असतं, प्रॉपला ते ओझं हवेकडून उचलावं लागत नाही. त्यामुळे विमान खऱ्या बंद इंजिनापेक्षा चांगलं तरंगतं. त्यात भर म्हणजे इंजिन थंड पडू नये, प्लग काळे होऊ नयेत म्हणून आपण मधूनमधून थ्रॉटल उघडून इंजिन क्लिअर करतो. ते करायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, पण दर वेळी आपण विमानाला फुकटची उंची देतो आणि ती मुलाच्या हिशोबात कुठेच वजा होत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ५०० फुटांवर आपण गो-अराउंड करतो, म्हणजे पॉवर लावून परत वर जातो. ९:१ च्या ग्लाइडने, म्हणजे एक फूट उतरताना नऊ फूट पुढे जात, ५०० फूट म्हणजे अजून साधारण १४०० मीटर जायचं बाकी असतं. १४०० मीटर! तिथे मुलगा म्हणतो पोचलो असतो आणि इन्स्ट्रक्टर म्हणतात छान, आणि खरं पोचला असता का ते कोणीच बघितलेलं नसतं.

मला हे कळलं ते एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टर सरांमुळे. माझीही अशीच प्रॅक्टिस झाली, मी पण शेतावर मस्त उंच होते, मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते. गो-अराउंड करून वर आल्यावर सर एवढंच म्हणाले, "तो विजेचा खांब दिसतोय ना बांधावरचा, इंजिन खरं बंद असतं तर तू त्याच्या अलीकडे उतरली असतीस." त्या दिवशी मी रात्रभर मॅन्युअल घेऊन बसले. तोपर्यंत त्यातलं ग्लाइडचं पान मी फक्त परीक्षेपुरतं वाचलं होतं.

ते पान पुन्हा बघा, प्लीज. सेस्ना १७२ च्या मॅक्सिमम ग्लाइडच्या चार्टवर अटी लिहिलेल्या असतात, प्रॉप विंडमिलिंग, फ्लॅप वर, वारा शून्य. म्हणजे चार्टवाल्यांनी विंडमिलिंगचा ड्रॅग आधीच धरलाय. मुलं मात्र त्या अटी वाचत नाहीत, चार्टमधला आकडा आणि प्रॅक्टिसमधला अनुभव जोडून टाकतात आणि वरून म्हणतात की मॅडम आमचं विमान तर पुस्तकापेक्षा भारी आहे. विमान भारी नाहीये, इंजिन चालू आहे.

आकडे मांडते म्हणजे फरकाचा अंदाज येईल. ९:१ म्हणजे हजार फुटांवरून ९००० फूट, पावणेतीन किलोमीटर. पार्ला स्टेशनवरून निघालं तर अंधेरी स्टेशन ओलांडून थोडं पुढे. ६५ नॉटला (ताशी १२० किलोमीटरच्या आसपास) साधारण मिनिटाला ७३० फूट खाली, म्हणजे हजार फुटांना ८० सेकंदांच्या आसपास. आता समजा तुमच्या विमानाचा रेशो ९ ऐवजी ८ निघाला, एकचाच फरक, तर हजार फुटांना ३०० मीटर कमी आणि ३००० फुटांवरून ९०० मीटर कमी. ९०० मीटर म्हणजे निवडलेलं शेत, त्याच्या अलीकडचा रस्ता आणि रस्त्याच्या अलीकडची वस्ती. आणि एकाचा फरक पडायला फार काही लागत नाही. क्लबाचं विमान जुनं, चाकांवरची फेअरिंग (आवरणं) चिखलामुळे काढून ठेवलेली, पंखाच्या पुढच्या कडेला किडे चिकटलेले, मुलाचा वेग पाच नॉट इकडे पाच नॉट तिकडे. चार्ट काढला तेव्हा हे काही नव्हतं.

वारा तर वेगळाच. २० नॉटचा समोरचा वारा असेल आणि तुम्ही ६५ नॉटच धरून बसलात तर जमिनीवर वेग उरतो ४५ नॉट, खाली जायचा वेग तोच, म्हणजे ९:१ चा झाला जेमतेम ६:१. पावणेतीन किलोमीटरचे एकोणीसशे मीटर. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगणार, पण किती मुलांना माहितीये की समोरच्या वाऱ्यात वेग थोडा वाढवायचा असतो, मोटामोटी वाऱ्याच्या निम्मा? आणि मागून वारा असेल तर थोडा कमी? वजनाचंही तसंच. १७२एस ह्या मॉडेलचा बेस्ट ग्लाइडचा, म्हणजे सगळ्यात लांब तरंगायचा, वेग ६८ नॉट हा २५५० पौंड वजनाचा आकडा आहे. सोलोला एकटा मुलगा, टाक्या अर्ध्या, वजन समजा २१०० पौंड, तर बेस्ट ग्लाइड येतो ६२ च्या आसपास, कारण वेग वजनाच्या वर्गमुळाने बदलतो. रेशो तोच राहतो, फक्त वेग बदलतो. पाठ केलेला एकच आकडा घेऊन मुलं सगळीकडे जातात आणि त्यात त्यांचा दोष नाही, आम्ही ग्राउंडवाले पण तेवढंच विचारतो. ह्यात माझीही चूक आहे, मागच्या वर्षापर्यंत मी सुद्धा फक्त आकडा विचारत होते.

दुसऱ्या बाजूने पण फसायला होतं, ते कोणी बोलत नाही. इंजिन आतून जाम झालं, ऑइल संपून सीझ झालं, तर प्रॉप थांबतो. मग विमान चार्टपेक्षा जास्त तरंगतं. मुलाने विंडमिलिंगचा हिशोब करून शेवटचं वळण घेतलं आणि प्रॉप तर समोर उभा थांबलेला, तर तो शेताच्या पलीकडे जाईल. रोटॅक्स इंजिनाची विमानं आता आपल्या क्लबात आलीयत, त्यात प्रॉप आणि क्रँकशाफ्टच्या मध्ये गिअरबॉक्स आहे, प्रॉपच्या एका फेऱ्याला इंजिनाचे दोनपेक्षा जास्त फेरे, म्हणजे हवेला मेलेलं इंजिन फिरवत ठेवायला अजून जोर लागतो, तिथे प्रॉप थांबायची शक्यता सेस्नापेक्षा जास्त. म्हणजे इंजिन गेलं ह्या एका वाक्याखाली तीन वेगळी विमानं आहेत, आयडलवालं, विंडमिलिंगवालं आणि थांबलेलं, आणि मुलगा ओळखतो फक्त पहिल्याला, जे खऱ्या प्रसंगात कधी येणारच नाही.

ट्विन, म्हणजे दोन इंजिनांचं विमान, शिकवताना आपण हे सगळं किती नीट करतो बघा. सेनेका ह्या ट्विनवर एक इंजिन गेल्याची प्रॅक्टिस करताना आपण नुसता थ्रॉटल बंद करून सोडत नाही. मुलगा फेदरचा ड्रिल बोलून दाखवतो, आणि मग इन्स्ट्रक्टर त्या इंजिनाला झिरो थ्रस्टची, म्हणजे प्रॉप जवळजवळ पुढेही ढकलणार नाही आणि मागेही ओढणार नाही एवढी, पॉवर लावतात, का, तर फेदर केलेल्या प्रॉपचा ड्रॅग जेवढा असेल तेवढाच अनुभवाला यावा म्हणून. म्हणजे प्रॉप काय करतोय ह्यावर सगळा जीव अवलंबून आहे हे आपल्याला माहितीये, त्यासाठी आपण वेगळा आकडा ठेवलाय. मग सिंगलमध्ये तेच आपण का विसरतो? सिंगलमध्ये तर दुसरं इंजिनच नाही.

कॉन्स्टंट स्पीड प्रॉपवाली, म्हणजे पात्यांचा कोन बदलता येणारी, सिंगल विमानं काही क्लबात आहेत, त्यांच्याबद्दल एक वेगळी विनंती. तिथे प्रॉपचा लिव्हर पूर्ण मागे ओढला की पाती जाड, म्हणजे मोठ्या, कोनात जातात आणि विंडमिलिंगचा ड्रॅग खाडकन कमी होतो, विमान पुढे ढकलल्यासारखं वाटतं, मी स्वतः सेफ्टी पायलट बसवून आयडलवर करून बघितलंय, सीटमध्ये कळतं. पण हे सिंगलमध्ये ऑइल प्रेशर असेपर्यंतच चालतं. बहुतेक सिंगलमध्ये ऑइल पातं जाड कोनाकडे नेतं, ऑइल गेलं की पातं परत बारीक कोनात, म्हणजे सगळ्यात जास्त ड्रॅगमध्ये. ट्विनमध्ये बरोबर उलटं, ऑइल गेलं की फेदरकडे. त्यामुळे सिंगलमध्ये हा लिव्हर लवकर ओढायचा असतो, चेकलिस्ट संपल्यावर नाही. डिझेलवाल्या डायमंडमध्ये हा लिव्हरच नाही, एकच पॉवर लिव्हर, प्रॉप कॉम्प्युटर सांभाळतो, तर तिथल्या मुलांना हे लागू नाही हेही सांगायला पाहिजे, नाहीतर परीक्षेत पाठ केलेलं ते तिथे शोधत बसतील.

सगळ्यात जास्त काळजी मला टेक-ऑफनंतरच्या वळणाची वाटते. इंजिन गेलं, रनवे मागे आहे, वळून परत यायचं. मुलं आपसात बोलतात, मी ३००० फुटांवर आयडलवर करून बघितलं, इतक्याच फुटात वळलो, म्हणजे इतक्या उंचीवर शक्य आहे. मला हे ऐकून धडकी भरते. तिथे इंजिन आयडलवर होतं, त्याला माहीत होतं की आता थ्रॉटल बंद होणार आहे, आणि खाली ३००० फूट होते. खरं इंजिन जातं तेव्हा पहिले तीन-चार सेकंद माणूस नुसता बघत राहतो, नाक वर असतं, वेग धडाधड पडतो, विंडमिलिंगचा पूर्ण ड्रॅग आणि त्यात वळण. ४५ अंशाच्या बँकेत, म्हणजे विमान तेवढं कलंडून वळताना, स्टॉल स्पीड (ज्याच्याखाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग) १९ टक्के वाढतो, ६० अंशाला ४१ टक्के. जमीन जवळ दिसली की माणूस नकळत नाक वर ओढतो. प्लीज, त्या ३००० फुटांवरच्या आकड्याला मुलांसमोर आकडा म्हणू नका. समोर जे सपाट दिसतंय तिथे उतर, हे त्याच्या हाताला कळेपर्यंत सांगा.

मला काय हवंय ते सांगते. मी कोणाला मुलगा शेजारी बसलेला असताना मिक्श्चर (इंधनाचा लिव्हर) ओढून इंजिन खरं बंद करा म्हणत नाहीये, अजिबात नाही. प्रॉप थांबवून दाखवायला तर विमान स्टॉलच्या जवळ आणावं लागतं आणि स्टार्टर लागला नाही तर परत फिरवायला खूप वेगाचा डाइव्ह, त्यात जाणारी उंची कोणाच्या बापाची नाही. यूट्यूबवर बघून कोणी सोलोत असलं करू नये, हे उलट तुम्हीच ब्रीफिंगमध्ये स्पष्ट सांगा.

मला हवंय ते अगदी साधं आहे. फोर्स्ड लँडिंगच्या ब्रीफिंगला दहा मिनिटं जास्त द्या आणि फळ्यावर लिहा की आज जे बघशील ते आयडल आहे, खरं ह्यापेक्षा वाईट असेल. त्या दहा मिनिटांत मुलाच्या हातात मॅन्युअलचं ते पान द्या आणि अटी मोठ्याने वाचायला लावा. प्रत्येक विमानाची एक छोटी चाचणी करा, शांत हवेत सकाळी ४००० ते ३००० फूट, बेस्ट ग्लाइडचा वेग, फ्लॅप वर, घड्याळ लावून किती सेकंद लागतात ते मोजा आणि विमानाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवा. आयडलवर १७२ ला ८० सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ते जास्तीचे सेकंद इंजिनाने दिलेत, खऱ्या वेळी ते मिळणार नाहीत, आणि हे मुलाला आकड्यात दिसेल. कमी लागले तर मग मात्र त्या विमानाकडे वेगळं बघायला पाहिजे, की आयडलवर असून हे पुस्तकाच्याही खाली का आहे.

आणि मुलांना शेवटपर्यंत उतरू द्या. शेतात नाही, आपल्याच रनवेवर. डोक्यावरून थ्रॉटल बंद, पॉवर न लावता खालपर्यंत, ठरवलेल्या रेषेवर. अमेरिकेत कमर्शियल लायसन्सच्या टेस्टला हे करावंच लागतं, डाऊनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर पण उलट दिशेने जाताना, टचडाऊन पॉइंटच्या शेजारी थ्रॉटल बंद, १८० अंशाचं वळण आणि ठरलेल्या खुणेवर किंवा तिच्यापुढे २०० फुटांच्या आत चाकं टेकली पाहिजेत, अलीकडे टेकली की नापास. आपल्या मुलांना निदान पाच-सहा वेळा तरी हे मिळावं. ५०० फुटांवर सोडून दिलेल्या वीस प्रॅक्टिसपेक्षा ह्या पाच बऱ्या, असं माझं ठाम मत आहे. अर्थात इथेही इंजिन आयडलवरच असतं, म्हणून रेषा रनवेच्या सुरुवातीला न ठेवता एक तृतीयांश आत ठेवा.

त्याच्याबरोबर स्लिप, म्हणजे विमान तिरकं करून मुद्दाम ड्रॅग वाढवत उंची टाकणं, शिकवा, मनापासून शिकवा. शेतावर उंच पोचायचं आणि मग उंची टाकायची, हीच रीत सगळे सांगतात, पण उंची टाकायची कशी ते हातात नसेल तर मुलगा भीतीने आधीच खाली येऊन बसतो. कॅनडात २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधन संपून ग्लाइड करत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरलं, तिथे कॅप्टन पिअरसन ह्यांनी एवढं मोठं विमान स्लिप करून उंची टाकली होती, कारण ते ग्लायडर उडवायचे. आपल्याकडे हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, मुंबईहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. ज्याने इंजिन नसलेलं विमान हाताळलंय त्याला हवा आणि उंची ह्यांचा हिशोब कसा असतो ते परत सांगावं लागत नाही. क्लबांनी चार लाँचची तरी सोय करून दिली तर पालक आनंदाने पैसे भरतील, मी स्वतः पालकांशी बोलेन.

जाता जाता एक गोष्ट, कारण मी जुहूच्या शेजारीच राहते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमान, एकच इंजिन. त्या विमानात चाकांच्या पायांवरची आवरणं पायलटला आडवी फिरवता यायची, मुद्दाम ड्रॅग वाढवण्यासाठी, कारण नाहीतर ते उतरताना तरंगतच राहायचं. म्हणजे तेव्हाच्या पायलटला ड्रॅग ही हातात धरून कमीजास्त करायची वस्तू होती. आमच्या मुलांना ती फक्त चार फोर्सच्या आकृतीतला एक बाण वाटते.

तुम्ही लोक किती कमी झोपता, सकाळी सहाच्या पहिल्या सॉर्टीपासून किती मुलांना घेऊन वर जाता, उन्हाळ्यात कॉकपिटात काय हाल होतात, हे मला माहितीये, मी त्यातून गेलेय. इन्स्ट्रक्टर कमी आणि मुलं जास्त, हेही माहितीये. म्हणूनच मी जास्तीचे तास मागत नाहीये, आहेत त्याच तासांत ब्रीफिंगची दहा मिनिटं, एक घड्याळ आणि शेवटचे ५०० फूट मागतेय.

माझ्या बाजूने मी एक करायला तयार आहे. ग्लाइड आणि प्रॉप ड्रॅगवर मी मराठीत आणि हिंदीत दोन तासांचं लेक्चर तयार केलंय, महोगनीच्या बियांसकट. कुठल्याही क्लबाने बोलावलं तर स्वखर्चाने येईन, धुळे असो की गोंदिया, शनिवारी रात्री निघून रविवारी लेक्चर देऊन परत. आणि ज्या क्लबात असं मोजून बघितलं जाईल त्यांनी आपले सेकंद मला जरूर कळवा, म्हणजे मी पुढच्या बॅचला माझा हिशोब न देता तुमच्या विमानाचे खरे आकडे देईन.

तुमच्याकडे शिकलेल्या आणि पुढे शिकणार असलेल्या मुलांची,
एक ग्राउंड इन्स्ट्रक्टर
विलेपार्ले पूर्व, मुंबई